सुरतेत बसून मराठी कथा

आपल्या सुरतेतील मराठी घरांत लिहिणारी माणसे किती आहेत, याची मोजदाद कधी कोणी केलेली नाही. पण ती आहेत. कोणाच्या कपाटात मुलांच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी असतात. कोणी रात्रपाळीहून परतताना पाहिलेला एखादा प्रसंग टिपून ठेवलेला असतो. एखाद्या आजीबाईंच्या मनात तर आख्खी कादंबरी तयार असते, फक्त ती कागदावर उतरलेली नसते. हे लेखन बाहेर का येत नाही, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. वेळ मिळत नाही. आमची मराठी आता शुद्ध राहिली नाही. आमच्या साध्या संसारात लिहिण्याजोगे आहे काय? आणि लिहिले तरी पुण्या-मुंबईपासून दूर असलेल्या माणसाचे छापणार कोण?

या चारही अडचणी खऱ्या आहेत. त्यांना सबबी म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. परंतु याच अडचणी सोसून ज्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्यांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. आणि त्यांतील काहींचा संबंध तर प्रत्यक्ष सुरतेशीच आहे. म्हणून या अडचणींचा एकेक करून विचार करू.

वेळ कोठून आणावा?

वेळेचा आणि उपजीविकेचा प्रश्न निघाला की सुरतेच्या माणसाने प्रथम कवी नर्मदाचे स्मरण करावे. आज त्याचे नाव विद्यापीठाला आहे, शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आहे, आणि आमलीरान भागातील त्याचे ‘सरस्वतीमंदिर’ हे घर जतन करून ठेवलेले आहे. १८३३ साली जन्मलेल्या या माणसाने १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीच्या आधाराने जगायचे, असा निश्चय केला. ‘दांडियो’ हे पत्र त्याने चालविले, गुजराती भाषेचा कोश एकट्याच्या बळावर सिद्ध केला, आत्मचरित्र लिहिले. परंतु त्या निश्चयाची किंमतही त्याला मोजावी लागली. कर्ज आणि ओढाताण त्याच्या पाठीशी कायम लागलेली होती. अखेर १८८२ साली, म्हणजे चोवीस वर्षांनंतर, त्याला पुन्हा नोकरी पत्करावी लागली आणि चारच वर्षांत, १८८६ साली, त्याचे निधन झाले.

नर्मदाचे हे तेज वंदनीय आहे; पण संसारी माणसाने त्याचे अनुकरण करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. त्याच सुरतेत, त्याच काळात दुसरेही एक उदाहरण घडले. नंदशंकर मेहता हे येथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी आपली नोकरी सोडली नाही. शाळेचा व्याप सांभाळून त्यांनी ‘करणघेलो’ ही कादंबरी लिहिली. ती १८६६ साली प्रसिद्ध झाली आणि गुजराती भाषेतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून आज ओळखली जाते. नोकरी आणि लेखणी एका घरात नांदू शकतात, हे या शहराने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

आपल्या मराठीत तर ही परंपरा अधिकच ठळक आहे. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्यासारख्या लहान गावी शिक्षक म्हणून गेले आणि अठरा वर्षे तेथे राहिले. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० साली आली, म्हणजे गावी जाऊन दहा वर्षे झाल्यावर. ज्या ‘ययाति’साठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ती तर १९५९ सालची. श्री. ना. पेंडसे मुंबईच्या बेस्टमध्ये नोकरी करीत होते आणि ‘एल्गार’, ‘गारंबीचा बापू’ या कोकणच्या कादंबऱ्या त्यांनी त्या नोकरीच्या काळात लिहिल्या. गृहिणींनी काशीबाई कानिटकरांकडे पाहावे. १८६१ साली जन्मलेल्या काशीबाईंचे लग्न लहानपणीच झाले. वाचायला त्या शिकल्या त्या लग्नानंतर, आणि तेही घरातील वडीलधाऱ्यांच्या नजरा चुकवून. त्याच काशीबाई पुढे मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या कथा-कादंबरीकार स्त्रियांमध्ये गणल्या गेल्या.

या मंडळींजवळ वेळ आपल्यापेक्षा अधिक होता असे समजण्याचे कारण नाही. वेळेचा लहानसा तुकडा रोज बाजूला काढून ठेवण्याची सवय मात्र होती. हिशेब अगदी सोपा आहे. रोज अर्धा तास बसून २०० शब्द लिहिले, तर पंचवीस दिवसांत ५,००० शब्द होतात. नियतकालिकातील बहुतेक कथा यापेक्षा लहान असतात. म्हणजे महिन्याकाठी एका कथेचा कच्चा खर्डा हातात येतो. दुसरा महिना तो सुधारण्यात घालविला, तरी वर्षाला सहा कथा झाल्या. सहा कथा लिहिणारा मनुष्य दोन-तीन वर्षांत एका संग्रहाचा धनी होऊ शकतो.

ही अर्ध्या तासाची बैठक साधावी कशी? पहिले म्हणजे वेळ आणि जागा ठरलेली असावी. पहाटे घर जागे होण्यापूर्वीची वेळ कोणाला सोयीची पडेल, तर कोणाला मुले शाळेत गेल्यानंतरची. देवपूजेला जसा पाट ठरलेला असतो, तशी लेखनालाही एक जागा असली की मन आपोआप वळते. दुसरे, स्फूर्तीची वाट पाहू नये. गायक रोज तंबोरा जुळवून बसतो, त्या दिवशी गळा लागेल की नाही याची त्याला आगाऊ खात्री नसते. तिसरे, पुढचे वाक्य सुचलेले असतानाच लेखणी ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाची भीती वाटत नाही. आणि चौथे, कच्चा खर्डा लिहीत असता मागे वळून दुरुस्त्या करीत बसू नये. भाकरी थापणे आणि भाकरी शेकणे ही दोन कामे एकाच वेळी होत नाहीत.

कागदावर लिहावे की मोबाईलवर, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. लोकलच्या डब्यात उभ्याने प्रवास करणाऱ्याला मोबाईलवर देवनागरीत चार ओळी टिपता येतात, ही आजच्या काळाची मोठीच सोय आहे. मात्र पहिला पूर्ण खर्डा एकदा तरी कागदावर उतरवून वाचावा. लहान पडद्यावर न दिसलेल्या चुका तेथे दिसतात.

आमची मराठी आणि त्यांची मराठी

दुसरी अडचण भाषेची. सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या घरांत ही बोच फार खोल असते. मुले गुजराती अगर इंग्रजी शाळेत शिकतात, बाजारहाट गुजरातीत होतो, शेजारपाजार हिंदीत बोलतो, आणि घरात जी मराठी उरते तिच्यात या साऱ्यांचे पाणी मिसळलेले असते. ‘नवरो’ म्हणजे रिकामा, निरुद्योगी, हे गुजरातीत सहज बोलले जाते. तेच नव्याने आलेल्या सूनबाईंच्या कानावर पडले की त्यांना ‘नवरा’ ऐकू येतो आणि घरात हशा पिकतो. ‘खाली’ म्हटले की आपण मजला उतरू लागतो आणि गुजराती शेजारी रिकामे भांडे पुढे करतो. अशा घरातील मुलीला पुण्याच्या मावशीसमोर बोलायचा संकोच वाटावा, यात नवल नाही.

परंतु कथालेखकाच्या दृष्टीने ही उणीव नसून ठेव आहे. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाचे कान तिखट असतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूरचे स्थानक आठवून पाहा. त्याचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. राज्याची हद्द फलाटावरूनच जाते. आपल्या मनाची घडणही तशीच झालेली आहे. उभ्या जागी एक पाऊल टाकले की माणूस दुसऱ्या भाषेत जातो. हे टाकलेले पाऊल कथेत दाखविता आले पाहिजे.

ते कसे दाखवावे? निवेदनाची भाषा आणि संवादाची भाषा वेगळी ठेवावी, हा पहिला नियम. लेखक स्वतः सांगत असतो तेव्हा वाक्य स्वच्छ, प्रमाण मराठीत असू द्यावे. पात्र बोलते तेव्हा ते जसे बोलते तसेच बोलू द्यावे. लिंबायतचा मुकादम सदाशिव पेठेच्या भाषेत बोलू लागला, तर वाचकाचा विश्वास पहिल्याच पानावर उडतो. मात्र प्रत्येक संवादात गुजराती शब्दांची खैरात करण्याचीही गरज नाही. मीठ चवीपुरते घालावे. एखादे संबोधन, एखादी शिवी, एखादा हेल पुरेसा होतो, आणि त्याचा अर्थ प्रसंगावरूनच कळावा.

आपल्यापैकी पुष्कळांची घरची बोली अहिराणी किंवा खानदेशची दुसरी एखादी बोली आहे. तिच्याबद्दल संकोच बाळगणाऱ्यांनी बहिणाबाई चौधरींचे नाव आठवावे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, शेतात आणि जात्यावर त्या आपल्या बोलीत गात होत्या. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ लिहिली, ती माणदेशच्या माणसांचे बोलणे जसेच्या तसे कानात साठवून. भालचंद्र नेमाडे हे खानदेशातील सांगवीचे. त्यांच्या ‘कोसला’चा निवेदक खानदेशी आहे, आणि ती त्याची अडचण न ठरता कादंबरीची ताकद ठरली.

मराठीच्या मुलुखाबाहेर राहून उत्तम मराठी लिहिता येते काय, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी जी. ए. कुलकर्णी हे एकच उत्तर पुरेसे आहे. धारवाडसारख्या कानडी गावी त्यांनी सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकविले. भोवती कानडी, वर्गात इंग्रजी आणि लेखन मराठीत. ‘निळासावळा’ १९५९ साली आला, त्यानंतर ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’ आणि १९७२ साली ‘काजळमाया’. सभा-संमेलनांपासून ते दूर राहिले. लेखक-वाचकांशी त्यांचा संबंध राहिला तो मुख्यतः पत्रांतून, आणि ती पत्रेही आज मराठीत आवडीने वाचली जातात. दूर राहण्याने त्यांची मराठी विटली नाही, कारण त्यांनी वाचन कधी सोडले नाही. हीच गोष्ट आपण उचलावी. रोज चार पाने चांगले मराठी मोठ्याने वाचावे; मुलांना समोर बसवून वाचले तर दुहेरी लाभ.

विषय कोठे शोधावा?

तिसरी अडचण विषयाची, आणि येथे सुरतेच्या मराठी माणसाला एक गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. मराठी कथेच्या इतिहासात सुरत शहराची नोंद कायमची झालेली आहे. ती नोंद सुखाची नाही, म्हणूनच ती विसरता येण्याजोगी नाही.

बाबुराव बागूल हे १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावी जन्मले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे पोटासाठी नाना प्रकारची कष्टाची कामे केली. रेल्वेतील नोकरीच्या निमित्ताने ते सुरतेला आले. परंतु दलित म्हणून त्यांना येथे राहावयास जागा मिळेना. तेव्हा जात लपवून त्यांनी निवारा मिळविला. हे लपून राहणे त्यांना असह्य झाले, आणि नोकरी सोडून ते मुंबईस परतले. या अनुभवातून जी कथा जन्मली तिचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’. याच नावाचा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेचे वळण त्याने बदलून टाकले. त्याच वर्षी ‘कोसला’ही आली. एकाच वर्षात मराठी गद्याला दोन जबरदस्त हादरे बसले, आणि त्यांतला एक सुरतेहून निघाला होता.

ही कथा प्रत्येक होतकरू लेखकाने लेखनाचा पाठ म्हणूनही वाचावी. बागुलांनी आपल्यावर झालेल्या अन्यायाची फिर्याद लिहिली नाही. त्यांनी कथा लिहिली. या दोहोंत मोठे अंतर आहे. फिर्यादीत सांगणारा निर्दोष असतो आणि समोरचे सारे दुष्ट. या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला निवेदक आपली जात लपवितो, सहकाऱ्यांचा आदर मिळवितो, आणि त्या आदराच्या ओझ्याखाली रोज थोडाथोडा दबत जातो. त्याच ठिकाणी काशिनाथ नावाचा दुसरा दलित तरुण आहे. तो काहीच लपवीत नाही आणि उघड उघड लढतो. ही दोन माणसे शेजारी उभी केल्यामुळे वाचकाला प्रश्न पडतो: लपणारा बरोबर की लढणारा? अखेर गुपित फुटते आणि ज्यांनी डोक्यावर घेतले तेच हात उगारतात. लेखक कोठेही प्रवचन करीत नाही. प्रसंगच बोलतात.

यातून विषयाबद्दल तीन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक, विषय आपल्या राहत्या खोलीत असतो. भाड्याची खोली मिळणे न मिळणे, एवढ्यावर मराठीतील एक थोर कथा उभी आहे. दोन, जी गोष्ट बोलायला आपल्याला सर्वांत अधिक जड जाते, तीच बहुधा लिहिण्याजोगी असते. तीन, कथेचा आरसा इतरांपुरता धरून चालत नाही. बागुलांच्या काळी खोली शोधणारा मराठी माणूस होता. आज सुरतेत आपल्यापैकी अनेकांची स्वतःची घरे आहेत आणि भाडेकरू आपल्या दाराशी येतात. आडनाव ऐकल्यावर आपण पुढचा प्रश्न कोणता विचारतो? या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरी जाणारी कथा आपल्यापैकी एखाद्याने लिहिली, तर ती बागुलांना खरी आदरांजली ठरेल.

याखेरीज सुरतेच्या मराठी जीवनात विषयांचा तोटा कोठे आहे? तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या गाडीने उधन्याला उतरलेला आणि बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभा राहणारा खानदेशी तरुण. घरोघरी बसून साड्यांवर टिकल्या आणि लेस लावणाऱ्या बायका, ज्यांनी लावलेली साडी त्यांच्या अंगावर कधीच येत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने एका रात्रीत स्टेशनाकडे धावलेली कुटुंबे आणि न धावलेली कुटुंबे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात गच्चीवर एकत्र अडकलेले, एरवी एकमेकांशी न बोलणारे शेजारी. गावाकडे जमीन आणि येथे बिऱ्हाड अशा ओढाताणीत म्हातारे झालेले वडील. मराठी लिहिता न येणारी नात आणि गुजराती वाचता न येणारी आजी. या प्रत्येकात एक कथा आहे.

मात्र प्रसंग मिळाला म्हणजे कथा मिळाली असे होत नाही. पूर आला, पाणी चढले, पाणी ओसरले ही बातमी झाली. गच्चीवरच्या एका माणसाला काहीतरी हवे आहे आणि ते मिळविण्यासाठी त्याला आपला अहंकार सोडावा लागणार आहे, येथे कथा सुरू होते. म्हणून लिहावयास बसण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत. या माणसाला काय हवे आहे? ते मिळण्याच्या आड काय येते? आणि गोष्ट संपताना त्याच्यात काय बदललेले असेल? उत्तरे एका ओळीत देता आली, तर कथा चालेल. देता आली नाहीत, तर विषय मनात आणखी मुरू द्यावा. या शास्त्रात अधिक रस असणाऱ्यांनी ना. सी. फडके यांचे १९३१ सालचे ‘प्रतिभासाधन’ मिळवून वाचावे. त्यातील सारीच मते आज पटतील असे नाही, पण कथेच्या बांधणीचा इतका नीट विचार मराठीत त्यापूर्वी क्वचितच झाला होता.

ओळखीच्या माणसांवर लिहिताना ती दुखावतील ही भीती बहुतेकांना असते. दोन-तीन माणसांचे गुण एकत्र करून एक पात्र घडवावे. वय, गाव, व्यवसाय बदलावा. आणि ज्याच्यावर राग आहे त्याच्या बाजूनेही एक पान लिहून पाहावे. हे शेवटचे पथ्य सर्वांत कठीण आणि सर्वांत गुणकारी आहे. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले ते ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने, आणि ही लेखिका कोण यावर महाराष्ट्रात वादळ उठले. प्रसंगी टोपणनावाचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

छापणार कोण?

चौथी अडचण प्रसिद्धीची. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून दिवाळी अंक हे नव्या लेखकाचे मोठे दार राहिले आहे. परंतु दिवाळीत वाचलेला अंक पाहून दिवाळीत कथा पाठविणारा मनुष्य वर्षभराने उशिरा असतो. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. तेव्हा आषाढाच्या आत कथा संपादकांच्या हाती पडावी. पाठविण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे दोन-तीन अंक वाचावेत. विनोदी अंकाला करुण कथा पाठवून नकार ओढवून घेण्यात अर्थ नाही. कथा स्वच्छ टंकलिखित असावी, सोबत पत्र चार ओळींचे असावे, त्यात कथेचे कौतुक नसावे, आणि एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये.

पाठविण्यापूर्वीचे काम अधिक महत्त्वाचे. खर्डा पुरा झाला की तो पंधरा दिवस दृष्टीआड ठेवावा. नंतर मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य मोडावे. जेथे स्वतःलाच कंटाळा येतो तो मजकूर काढावा. पुष्कळदा कथेचा पहिला परिच्छेद हा लेखकाने घसा साफ करण्यासाठी लिहिलेला असतो. तो वगळला की कथा ताजीतवानी होते. शेवटी तात्पर्य सांगणारे वाक्य असेल, तर तेही बहुधा जाऊ शकते.

नकार येईल, अनेकदा येईल. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडले, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची कीर्ती अजून टिकून आहे, ती लेखकांना पत्रे लिहून कथा पुनःपुन्हा तपासावयास लावण्याबद्दल. नामवंत लेखकांनीही अशा सूचना ऐकून खर्डे बदलले. तेव्हा संपादकाने दोन ओळींची सूचना लिहून कथा परत केली, तर त्या दोन ओळींना मानधन समजावे. सूचनेविना परत आली, तर एकदा तपासून दुसरीकडे धाडावी. कथा परत येणे म्हणजे लेखक परत येणे नव्हे.

व्यवहाराचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे आपण लिहिलेल्या कथेचे हक्क आपले असतात आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ते वारसांकडे राहतात. हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर ते लेखी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून पुस्तक निघत आहे या आनंदात कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नये. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणारेही आज पुष्कळ आहेत. स्वखर्चाने पुस्तक काढणे हा गुन्हा नाही, पण ठेव मोडून ते करू नये, आणि प्रती किती, विकणार कोण, उरलेल्या प्रती कोणाच्या, हे आधी लिहून घ्यावे.

दूर असण्याचे दुःखही फार बाळगू नये. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्याला १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली भरले, अहमदाबादेत १९५३ साली भरले. गुजरातेतील मराठी मनुष्य मराठी साहित्याच्या अंगणाबाहेर कधीच नव्हता. आपल्या गाडीच्या वाटेवरचे अमळनेर घ्या. तेथे १९५२ आणि २०२४ अशी दोन संमेलने झाली. तेथेच साने गुरुजी शिक्षक होते. त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. लेखनाला अनुकूल जागा नाही, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

घरच्या मंडळींना विनंती

लेखक एकटा लिहितो हे खरे, पण त्याला लिहू देते ते घर. आपल्या घरात कोणी लिहीत असेल, तर त्याचा तो अर्धा तास सर्वांनी राखावा. सून लिहीत असेल तर तेवढा वेळ चहा दुसऱ्या कोणी टाकावा. मुलाने गोष्ट लिहिली तर शुद्धलेखनाच्या चुका प्रथम दाखवू नयेत. गोष्टीतील माणसाचे पुढे काय झाले, ते विचारावे. आजोबांना लिहिता येत नसेल, तर नातवाने त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्यावे. या उतरवून घेण्यात नातवाची मराठी जितकी सुधारेल तितकी कोणत्याही शिकवणीने सुधारणार नाही. चार घरांनी मिळून महिन्यातून एक रविवार कथावाचनाचा ठेवावा. एकाने वाचावी, इतरांनी ऐकावी. कोठे लक्ष सुटले तेवढेच प्रामाणिकपणे सांगावे. कौतुकाची घाई नको आणि टीकेचा सोसही नको.

सुरतेच्या मराठी माणसाने या शहरात माग चालविले, शाळा शिकविल्या, दुकाने थाटली, गणपती बसविले. त्याच्या घामाची नोंद गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या हजेरीपटावर असेल, पण हजेरीपट कोणी जपून ठेवीत नाही. रात्री पाळीवरून येताना तो काय विचार करीत होता, गावी पाठविलेल्या पत्रात त्याने काय लिहिले आणि काय लिहायचे टाळले, मुलगी घरात गुजरातीतून उत्तर देऊ लागली त्या दिवशी आईला काय वाटले, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ते कथेतच राहील, आणि कथा कोणी लिहिली तरच राहील. ज्यांना हे सारे आठवते ती पिढी आज आपल्यात आहे. ती दरवर्षी थोडीथोडी कमी होत आहे.

तेव्हा वही काढावी. पहिली कथा साधीच होईल, दुसरी थोडी बरी होईल. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खर्ड्यालाही लागू आहे. येत्या आषाढापर्यंत एक कथा पुरी करण्याचा संकल्प प्रत्येक घरातून एकाने जरी केला, तरी सुरतेची मराठी कथा ही बागुलांच्या एकट्या कथेवर थांबणार नाही.